स्थलांतरितांचे संगीत आणि परतीची वाट : ब्रिटनमधील जमैकन रेगे व कोकणची जाखडी यांचा तुलनात्मक विचार

१. प्रस्तावना

स्थलांतर ही मानवी इतिहासातील अखंड चालत आलेली प्रक्रिया आहे. दुष्काळ, भूमिहीनता, कर्जबाजारीपणा किंवा चार पैसे अधिक मिळण्याची आशा, यांपैकी कोणत्याही कारणाने माणूस गाव सोडतो तेव्हा त्याच्यासोबत त्याची भाषा, त्याचे देव, त्याचे अन्न आणि त्याची गाणीही जातात. अर्थशास्त्राने स्थलांतराचा विचार मजुरी आणि मनीऑर्डर यांच्या अंगाने केला, तर समाजशास्त्राने कुटुंब व जात यांच्या अंगाने. स्थलांतरितांच्या संगीताकडे मात्र बहुधा करमणूक म्हणून किंवा ‘मुळांची आठवण’ म्हणून पाहिले जाते. हा दृष्टिकोन अपुरा आहे. गाणे केवळ आठवणीवर जगत नाही. त्याला जागा लागते, वेळ लागतो, साथीदार लागतात आणि ऐकणाराही लागतो.

मुरबाड-शहापूर परिसरातील अभ्यासकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबे, आसनगाव स्थानकातून पहाटेच्या लोकलने मुंबईकडे जाणारा नोकरदार वर्ग आणि पौष पौर्णिमेच्या म्हसा येथील यात्रेसाठी आवर्जून गावी परतणारा माणूस ही स्थलांतराचीच तीन रूपे आहेत. यांपैकी प्रत्येकाचे गावाशी असलेले अंतर वेगळे, परतण्याचा काळ वेगळा आणि म्हणून गावच्या गाण्याशी असलेले नातेही वेगळे असते.

परमुलखात गेलेले गाणे कधी बदलते, कधी जसेच्या तसे राहते, तर कधी त्यातून सर्वस्वी नवा प्रकार जन्म घेतो. हे कशावर अवलंबून असते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी तीन उदाहरणे घेतली आहेत : जमैकातून ब्रिटनमध्ये गेलेल्यांचे रेगे, कोकणातून मुंबईच्या गिरणगावात आलेल्यांची जाखडी आणि मराठी मजुरांबरोबर मॉरिशसला पोहोचलेली झाकरी. स्थलांतरितांना एकत्र जमण्यासाठी मिळालेली जागा आणि त्यांच्यासाठी खुली असलेली परतीची वाट, या दोन गोष्टी त्यांच्या संगीताचे रूप प्रामुख्याने ठरवितात, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. रेगे : जन्म आणि रचना

जमैका हे कॅरिबियन समुद्रातील बेट इंग्रजांनी १६५५ मध्ये स्पॅनिशांकडून घेतले. तेथील उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम म्हणून आणली गेली. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये गुलाम प्रत्यक्षात मुक्त झाले. त्यानंतर मळेवाल्यांनी भारतातून करारबद्ध मजूर आणावयास प्रारंभ केला. ‘ब्लंडेल’ नावाच्या जहाजातून १८४५ मध्ये पहिली तुकडी तेथे उतरली आणि पुढील सुमारे सत्तर वर्षांत छत्तीस हजारांच्या आसपास भारतीय जमैकात गेले. ‘गांजा’ हा शब्द जमैकाच्या बोलीत रुळला तो या मजुरांमुळेच. म्हणजे ज्या संगीताची येथे चर्चा करावयाची आहे, त्याची जन्मभूमीच मुळी स्थलांतरितांनी घडविलेली होती. त्यांतील बहुसंख्यांचे स्थलांतर सक्तीचे होते.

मेंटो या ग्रामीण लोकसंगीताचा अमेरिकन रेडिओवरून ऐकू येणाऱ्या ऱ्हिदम अँड ब्लूजशी संयोग होऊन १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्का हा द्रुत लयीचा प्रकार जन्मास आला. १९६६ च्या सुमारास त्याची लय मंदावून रॉकस्टेडी आणि १९६८ च्या सुमारास त्यातून रेगे निर्माण झाले. भारतीय ताल परिभाषेत रेगेचे वैशिष्ट्य असे सांगता येईल : चार मात्रांच्या आवर्तनात जेथे आपल्याकडे सम येते व आघात अपेक्षित असतो, ती पहिली मात्रा ढोल रिकामी सोडतो. तिसऱ्या मात्रेवर त्याचा भारदस्त आघात येतो. गिटार अथवा कीबोर्ड दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर तुटक झंकार देतो आणि बास गिटार संपूर्ण गाणे पेलून धरते. समेवरील ही रिकामी जागा रेगेची ओळख होय.

आशयाच्या दृष्टीने रेगेवर रास्ताफारी पंथाचा मोठा प्रभाव आहे. मार्कस गार्वी यांच्या आफ्रिकावादी विचारांतून प्रेरणा घेतलेल्या या पंथाने १९३० मध्ये इथिओपियाच्या गादीवर आलेल्या हैले सेलासी यांना तारणहार मानले. पाश्चात्त्य सत्तेचे जग म्हणजे ‘बॅबिलॉन’, आफ्रिका म्हणजे ‘झायन’ आणि एक दिवस तिकडे परतणे हे जीवनाचे ध्येय, अशी या पंथाची धारणा आहे. परतण्याची ओढ हा रेगेच्या अर्थविश्वाचा गाभा होता. जमैका सोडून ब्रिटनला गेलेल्यांना ही भाषा दुहेरी अर्थाने लागू पडली, कारण ते दुसऱ्यांदा उखडले गेले होते.

३. ब्रिटनमधील जमैकन वस्त्या आणि साऊंड सिस्टिम

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मनुष्यबळाची टंचाई होती. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने वसाहतींतील प्रजेला ब्रिटनमध्ये राहण्याचा व काम करण्याचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी २२ जून रोजी ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातील प्रवासी लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरले. एक हजारांहून अधिक प्रवाशांपैकी पाचशेहून अधिक जणांनी आपले शेवटचे वास्तव्य जमैकात असल्याचे नोंदविले होते. प्रवासाला जवळजवळ चार आठवडे लागले आणि स्वस्तातले भाडेही सुमारे अठ्ठावीस पौंड होते. सामान्य कुटुंबाला ते उभे करण्यासाठी गुरेढोरे विकावी लागत. एवढे करून गेलेला माणूस सणावाराला घरी परतणे शक्यच नव्हते.

ब्रिटनमध्ये या लोकांना बस, रेल्वे, कारखाने व रुग्णालये यांत काम मिळाले. राहण्यास घर मात्र सहजासहजी मिळेना. अनेक पब व नृत्यगृहांची दारे त्यांना बंद होती. त्यांनी परस्परांत ‘पार्डनर’ नावाची बचत सुरू केली. दर आठवड्याला ठरावीक रक्कम जमा करावयाची आणि पाळीपाळीने एकाने संपूर्ण रक्कम उचलावयाची, हे तिचे स्वरूप होते. आपल्याकडील भिशी ती हीच. या पैशांतून कित्येकांनी घर घेतले, आणि घर आले तसे गाण्यासाठी तळघरही आले.

किंग्स्टन शहरात वाद्यवृंद परवडत नसलेल्या वस्त्यांमध्ये मोठमोठे ध्वनिक्षेपक रस्त्यात मांडून तबकड्या वाजविण्याची पद्धत १९५० च्या दशकात रूढ झाली होती. हीच साऊंड सिस्टिम. ड्यूक विन या जमैकन तरुणाने १९५५ च्या सुमारास लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात ती उभी केली. शनिवारी रात्री एखाद्या घराच्या तळघरात ध्वनिक्षेपक लावावयाचे, दारात नाममात्र प्रवेशमूल्य घ्यावयाचे, आत तळलेली मासळी व मटणाचा रस्सा विकावयाचा आणि पहाटेपर्यंत नाचावयाचे, या प्रकाराला ‘ब्लूज पार्टी’ म्हणत. साऊंड सिस्टिम चालविणे हे एका माणसाचे काम नसते. तबकडी निवडणारा, ध्वनिवर्धक सांभाळणारा, तालावर बोल फेकणारा आणि अवजड पेट्या वाहणारे तरुण असा तो एक फडच असतो. दोन फड एकाच सभागृहाच्या दोन टोकांना आमनेसामने उभे राहत व एकमेकांवर गाण्याने मात करू पाहत. त्यासाठी प्रतिस्पर्ध्याकडे नसलेली, केवळ आपल्यासाठी कापून घेतलेली तबकडी जपून ठेवली जाई. निवाडा श्रोते करीत.

पहिल्या पिढीने गाणे जमैकातून मागविले. दुसऱ्या पिढीने ते ब्रिटनमध्ये घडविले. लंडनमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या ट्रोजन रेकॉर्ड्ससारख्या संस्थांनी जमैकन तबकड्या ब्रिटिश बाजारात आणल्या. १९६९ मध्ये डेस्मंड डेकर यांचे गाणे ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेले. १९७५ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात स्टील पल्स आणि पश्चिम लंडनमध्ये अस्वाद हे वाद्यवृंद उभे राहिले. त्यांच्या गाण्यांत किंग्स्टनची नव्हे, तर आपल्याच गल्लीची, पोलिसांच्या झडतीची व बेकारीची वर्णने होती. याच काळात लंडनमध्ये ‘लव्हर्स रॉक’ हा प्रेमगीतांचा प्रकार उदयास आला. जमैकन रेगेमध्ये फारसा ऐकू न येणारा तरुण मुलींचा आवाज येथे अग्रभागी आला. जेनेट के यांचे १९७९ मधील गाणे विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. हा प्रकार जमैकातून आलेला नव्हता; तो स्थलांतरितांच्या मुलींनी ब्रिटनमध्ये घडविला होता.

जमैकात जन्मलेले आणि १९६३ मध्ये बालवयात लंडनला आलेले कवी लिंटन क्वेसी जॉन्सन यांनी रेगेच्या तालावर जमैकन बोलीत कविता सादर केल्या. शाळेत अशुद्ध ठरविली गेलेली बोली त्यांच्या काव्यात प्रतिष्ठेने उभी राहिली. १८ जानेवारी १९८१ रोजी लंडनच्या न्यू क्रॉस भागात वाढदिवसाच्या समारंभात आग लागून तेरा कृष्णवर्णीय तरुण-तरुणी मृत्युमुखी पडले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन येथे दंगल उसळली. या घटनांची स्मृती शासकीय अहवालांइतकीच त्यांच्या कवितेतही नोंदली गेली आहे. शाहिरीच्या परंपरेशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे कार्य अपरिचित वाटणार नाही.

४. कोकण ते गिरणगाव : जाखडीचा प्रवास

मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांच्या पुढाकाराने पहिली कापड गिरणी स्थापन झाली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, शिवडी, वरळी, भायखळा हा पट्टा गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. या गिरण्यांना मनुष्यबळ पुरविण्यात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. साताऱ्याकडील घाटावरचे कामगारही मोठ्या संख्येने आले. कोकणी कामगाराचे कुटुंब बहुधा गावीच राहत असे. एका गावचे पुरुष चाळीतील एकच खोली वर्गणी काढून घेत, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. गावकीची ही खोली निवारा होती, पंचायत होती आणि तालीमघरही होती.

या खोलीत जी कला जगली तिचे नाव जाखडी. गणेशोत्सवात सादर होणाऱ्या या नृत्यगीतात मध्यभागी गायक व ढोलकी-मृदंगाचे साथीदार बसतात. एका पायात चाळ बांधलेले नाचे त्यांच्याभोवती रिंगण धरतात. गणाने आरंभ होतो, पुढे गौळण येते व त्यानंतर पौराणिक आख्यानांवरील गीते. कलगी-तुऱ्याच्या जुन्या परंपरेतून आलेली सवाल-जवाबाची रीत तिच्याशी जोडली गेली आणि शक्ती-तुरा हे तिचे स्पर्धात्मक रूप झाले. शक्तीवाले प्रकृतीचे श्रेष्ठत्व मांडतात व तुरेवाले पुरुषतत्त्वाचे. एका शाहिराने कोडे घालावयाचे व दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच रात्री उत्तर द्यावयाचे, असा हा सामना असतो.

मुंबईत या नृत्याला ‘बाल्या नाच’ असे दुसरे नाव मिळाले. कानात बाळी घालणाऱ्या कोकणी गड्याला शहरातील लोक ‘बाल्या’ म्हणत, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगितले जाते. गावात जे केवळ गणपतीचे नाचगाणे होते, ते शहरात एका विशिष्ट समूहाची ओळख बनले. ही ओळख देण्यामागे काहीशी अवहेलनाही होती. परंतु पुढे तेच नाव कलावंतांनी अभिमानाने स्वीकारले. जमैकन बोलीच्या बाबतीतही असेच घडले.

गिरणगावातील जाखडीचे वेगळेपण परतण्याच्या सोयीत आहे. रत्नागिरी किनाऱ्यावरील बंदरांतून मुंबईस येणारी बोट साधारण एका दिवसात पोहोचवीत असे. चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला गावी जाई. त्यामुळे गाणे एका दिशेने गेले नाही, ते दरवर्षी फेऱ्या मारीत राहिले. मुंबईत ऐकलेली नाटकातील किंवा चित्रपटातील चाल गणपतीत गावच्या अंगणात पोहोचे आणि गावच्या बुवाने बांधलेले नवे पद चाळीत येई. परळच्या दामोदर नाट्यगृहात तिकीट लावून शक्ती-तुऱ्याचे जंगी सामने होऊ लागले. भजनाच्या डबल बारीलाही असाच आश्रय मिळाला. पुढे कॅसेटमुळे हे सामने एस.टी. स्थानकावरील दुकानापर्यंत पोहोचले.

याच गिरणगावात गाण्याला राजकीय आशयही प्राप्त झाला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक स्थापन केले. वाटेगावहून मुंबईत आलेल्या अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. गावी राहिलेल्या पत्नीचा विरह हे स्थलांतरित कामगाराचे रोजचे दुःख होते. अण्णा भाऊंनी तेच महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी प्रदेशाच्या दुःखाचे रूपक केले. स्थलांतरिताची वैयक्तिक वेदना सामूहिक मागणीत रूपांतरित होण्याचे हे मराठीतील ठळक उदाहरण होय. रेगेमध्ये आफ्रिकेच्या ओढीने जे कार्य केले, ते येथे गावच्या ओढीने केले.

५. मॉरिशस : झाकरी आणि सेगे

तिसरे उदाहरण हिंदी महासागरातील मॉरिशसचे आहे. गुलामगिरी संपुष्टात येत असतानाच, १८३४ पासून तेथे भारतीय करारबद्ध मजूर नेण्यास प्रारंभ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बेटावर उतरले. पोर्ट लुई येथे ज्या धक्क्यावर ते उतरले, तो ‘आप्रवासी घाट’ युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारसास्थळ म्हणून मान्य केला. या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी भाषकांचे प्रमाण अल्प होते. त्यांतही कोकणातील लोक पुष्कळ होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास परतीच्या मोफत प्रवासाची तरतूद काढून घेतली गेली आणि बहुतेकांसाठी घरची वाट कायमची बंद झाली.

या मराठी समाजाने गणेशोत्सव जपला आणि गणेशोत्सवाने जाखडी जपली. मॉरिशसमध्ये तिला ‘झाकरी’ म्हणतात. रिंगण, ढोलकी, चाळ व गणपतीपुढील गायन ही तिची अंगे कायम राहिली. दरम्यान घरात मराठीची जागा क्रेओल भाषेने घेतली. मराठी शाळेत शिकविली जाते, परंतु रोजच्या व्यवहाराची भाषा ती राहिलेली नाही. अशा स्थितीत सवाल-जवाबाची रीत जगणे कठीण असते. कारण ऐन वेळी उत्तर रचण्यासाठी भाषा जिवंत असावी लागते. पाठ असलेले गाणे मात्र भाषा ओसरल्यावरही गाता येते. म्हणून मॉरिशसमधील झाकरी सामन्यापेक्षा उपासनेच्या जवळ राहिली. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते, यावरून या अल्पसंख्य समाजाच्या उत्सवाला लाभलेले स्थान ध्यानात येते.

याच बेटावर रेगेही पोहोचले, आणि तेही जमैकन स्थलांतरितांशिवाय. आफ्रिका व मादागास्करमधून आणलेल्या गुलामांच्या वंशजांचे सेगा हे संगीत मॉरिशसमध्ये पूर्वीपासून होते. १९८० च्या दशकात पोर्ट लुईजवळील रोश ब्वा या गरीब वस्तीतील जोसेफ रेजिनाल्ड टोपीझ ऊर्फ काया या गायकाने सेगा व रेगे यांचा संयोग करून ‘सेगे’ हा प्रकार लोकप्रिय केला. फेब्रुवारी १९९९ मध्ये गांजासेवन हा गुन्हा मानू नये या मागणीसाठी झालेल्या मैफलीनंतर कायाला अटक झाली आणि २१ फेब्रुवारी रोजी पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर अनेक दिवस बेटावर दंगली झाल्या. लंडनप्रमाणे येथेही एका समूहाचा पोलीस यंत्रणेविषयीचा असंतोष प्रथम गाण्यातून व्यक्त झाला होता.

एकाच बेटावर झाकरी आणि सेगे शेजारी नांदतात, ही बाब विचार करण्यासारखी आहे. झाकरी आपल्या समाजाच्या सीमेत राहिली. रेगे मात्र तबकडी व रेडिओच्या आधारे हजारो मैलांवरील दुसऱ्या समाजाने आपलेसे केले. दोन्ही समाजांच्या पूर्वजांना उसाच्या मळ्याने आणले होते. परंतु त्यांच्या गाण्यांचे मार्ग भिन्न झाले.

६. तीन अंतरे, तीन रूपे

उपरोक्त उदाहरणे एकत्र ठेवली असता एक सूत्र हाती येते. गिरणगावातील चाकरमान्यासाठी परतीची वाट दरवर्षी खुली होती. त्यामुळे जाखडीचा मूळ साचा कायम राहून आशय व चाली सतत ताज्या होत गेल्या. ब्रिटनमधील जमैकनांना स्वतः परतणे दुष्कर होते, परंतु तबकड्यांची ये-जा चालू होती. गाणे येत राहिले, माणसे मात्र परतली नाहीत. या तणावातून लव्हर्स रॉकसारखे सर्वस्वी नवे प्रकार निर्माण झाले. मॉरिशसच्या मराठी मजुरासाठी माणूस व गाणे दोहोंची वाट दीर्घकाळ बंद होती. तेथे गाणे विधीच्या आश्रयाने टिकले आणि बऱ्याच अंशी स्थिर झाले.

दुसरे सूत्र जागेचे आहे. तळघर, गावकीची खोली आणि गणपतीचे अंगण या तीन जागांनी हे संगीत सांभाळले. तिन्ही जागा मालकाच्या नजरेबाहेरच्या होत्या. कामाच्या ठिकाणी ज्याला केवळ ‘हात’ मानले जाई, तो येथे शाहीर, निवाडा करणारा श्रोता किंवा फडाचा प्रमुख होता. सामन्याची रीत लंडन व परळ या दोन्ही ठिकाणी इतकी जोमाने वाढली, त्यामागेही हेच कारण असावे. जेथे दिवसभर प्रतिष्ठा मिळत नाही, तेथे रात्री आपल्याच लोकांत ती मिळविण्याची संधी मोलाची ठरते.

तथापि साम्याबरोबर भेदही लक्षात घ्यावा लागतो. जमैकन स्थलांतरितांचे परकेपण वर्णावर आधारित होते व ते दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतही पुसले गेले नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये उघडकीस आलेल्या विंडरश प्रकरणात, बालपणी कायदेशीरपणे आलेल्या अनेक वृद्धांना कागदपत्रांअभावी बेकायदेशीर रहिवासी ठरविण्यात आल्याचे दिसून आले. काहींची तर जमैकाला रवानगीही झाली होती. ज्यांना आयुष्यभर परतता आले नाही, त्यांना उतारवयात सक्तीने परत पाठविण्यात आले. कोकणी कामगाराला मुंबईत अवहेलना सोसावी लागली, परंतु त्याच्या नागरिकत्वावर कोणी प्रश्नचिन्ह उभे केले नाही. म्हणूनच रेगेतील निषेधाचा स्वर जाखडीत तितक्या तीव्रतेने आढळत नाही. तो स्वर गिरणगावात शाहिरीने सांभाळला.

स्त्रियांच्या स्थानाबाबतही भेद आहे. जमैकातून स्त्रियाही मोठ्या संख्येने परिचारिका व कामगार म्हणून ब्रिटनला गेल्या आणि त्यांच्या मुलींनी गाण्यात आपली जागा निर्माण केली. गिरणगावातील कोकणी वस्ती दीर्घकाळ पुरुषांची होती; त्यामुळे जाखडीही पुरुषांची राहिली. अलीकडच्या काळात महिला शाहीर शक्ती-तुऱ्याच्या मंचावर उभ्या राहू लागल्या आहेत, ही कुटुंबे शहरात स्थिरावल्याचीच खूण आहे.

७. समारोप

या तुलनेचे महत्त्व केवळ इतिहासापुरते नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव उत्तरोत्तर विखुरले. चाळींच्या जागी मनोरे आले. कामगारांची पुढची पिढी विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूर अशा दूरच्या उपनगरांत गेली. परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा कलावंतांनी व्यक्त केलेली चिंता एका इमारतीपुरती नव्हती. लंडनमध्येही जुन्या वस्त्यांतील घरांच्या किमती वाढल्या व ब्लूज पार्टीची तळघरे इतिहासजमा झाली. आज गावी परतण्याची वाट पूर्वीपेक्षा सोपी आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुल्या झालेल्या कोकण रेल्वेने अंतर कमी केले आणि मोबाईलवर गावच्या अंगणातील नाच त्याच रात्री दिसतो. टंचाई आहे ती एकत्र जमण्याच्या जागेची.

युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत मॉरिशसच्या सेगाचा २०१४ मध्ये, तेथील भोजपुरी गीत-गवईचा २०१६ मध्ये आणि जमैकाच्या रेगेचा २०१८ मध्ये समावेश झाला. ही मान्यता स्वागतार्ह आहे. परंतु यादीत नाव येण्यापूर्वी कोणीतरी ते गाणे ऐकलेले, लिहिलेले व ध्वनिमुद्रित केलेले असावे लागते. रेगेचा इतिहास आज सांगता येतो, कारण तबकड्या उरल्या. चाळीतील असंख्य सामने मात्र ज्या रात्री झाले त्या रात्रीच संपले. ऐन वेळी रचलेली ती उत्तरे आता केवळ वृद्ध शाहिरांच्या वह्यांत आणि स्मरणात आहेत.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात हाच प्रश्न अधिक निकडीने उभा आहे. येथील गौरी नाच, कांबडनाच व कातकरी गीते यांचा विचार ‘आदिवासी लोककला’ या शीर्षकाखाली होतो. स्थलांतरितांचे संगीत म्हणून तो क्वचितच होतो. वर्षातील सहा-सात महिने वीटभट्टीवर काढणारे कुटुंब तेथे काय गाते, कोणासमोर गाते, भट्टीवरील इतर भागांतून आलेल्या मजुरांकडून काय उचलते आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतताना गावी काय घेऊन येते, याची नोंद जवळजवळ नाही. या भागातील महाविद्यालयांत अशा कुटुंबांतील मुले-मुली शिकत आहेत. भाषा, समाजशास्त्र, इतिहास व संगीत या विभागांनी एकत्र येऊन त्यांच्याच घरांतील गाणी, ती कोठे व केव्हा गायिली जातात या तपशिलासह संकलित केली, तर तो प्रकल्प मोठ्या अनुदानाशिवायही होऊ शकेल. संकलनाचे पहिले ठिकाण शोधण्यास दूर जावयास नको. पौष पौर्णिमेच्या यात्रेत म्हशाच्या माळावर मुरबाड-शहापूरची माणसे दरवर्षी एकत्र येतात. गाण्याला लागणारी जागा आणि परतीची वाट या दोन्ही गोष्टी तेथे आजही उपलब्ध आहेत.